तुडुमातली हवा

"हलू नका मॅडम, डोंगा कलते," दसरू म्हणाला आणि हातातला बांबू तळात रोवून त्यानं डोंगा उभा केला.

मी त्या अरुंद नावेच्या काठावरून ओणवी होऊन प्लॅस्टिकचं एक मोठं नरसाळं पाण्यात उलटं धरलं होतं. दसरूनं बांबूनं खालचा चिखल ढवळला. बुडबुड्यांची लांबच लांब माळ उठली, नरसाळ्यात शिरली, आणि वर लावलेल्या काचेच्या बाटलीतलं पाणी चार बोटं खाली सरकलं. मी रबरी बूच दाबून बसवलं आणि बाटलीवर तारीख घातली.

"भरली?"

"भरली."

"एवढ्याशा हवेसाठी तुमी पुन्याहून येऊन रायल्या? हवा तं आमच्या घरीबी आहे ना जी."

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यातली. मी सव्वीस वर्षांची होते आणि गोंदिया जिल्ह्यातल्या चिचटोला गावच्या तलावावर संशोधन करत होते. दोनशे वर्षांपूर्वी कुणा मालगुजारानं बांधलेला तो तलाव. ढिवरांची चाळीस घरं त्यातल्या मासोळीवर जगत होती, आणि दसरू नान्हे हा त्यांच्या सोसायटीचा सचिव. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, बोलताना आधी हसणार आणि मग बोलणार. माझं सामान वाहायला, डोंगा चालवायला तो रोज यायचा. दुपारचं जेवण बहुतेक त्याच्याच घरी व्हायचं.

त्याला सगळं समजून घ्यायचं असायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, की या बाटल्यांत नेमकं काय आहे.

"तलावात पान पडलं की त्याचं काय होतं?" मी उलट विचारलं.

"का होनार? सडते."

"सगळंच सडत नाही. झाड हवेतला कर्ब घेऊन वाढतं. कर्ब म्हणजे कोळशात असतं ते. झाडाचं पान पाण्यात पडतं, शेवाळ मरतं, कमळाचे देठ, गुरांचं शेण, सगळं तळाशी जातं. गाळाखाली दबलेलं शेकडो वर्षं तिथंच राहतं. बाकीचं सडून त्याचा वायू होतो आणि तो असा वर येतो. किती आत राहतं आणि किती बाहेर जातं, ते मी मोजते."

त्यानं बराच विचार केला. "मंजे तलाव ठेवतेबी आन सोडतेबी."

"हो."

"आन गाळ काढला तं?"

"उन्हात पसरलेला गाळ दोन-तीन वर्षांत बरंचसं सोडून देईल."

"मंग काढाव का नाई?"

"काढावा तर लागेलच. नाहीतर तलाव भरून जाईल."

"तेच तं," तो म्हणाला. गाळ काढायचा अर्ज त्यानं स्वतः सहा वर्षं सरकारदरबारी लावून धरला होता. त्या वर्षी तो मंजूर झाला होता. वीस मेला तलावातलं उरलंसुरलं पाणी सोडून द्यायचं आणि गाळ उपसायला लागायचं, असं ठरलं होतं. माझी घाई त्यामुळेच होती. दोनशे वर्षं न हललेला तळ हलण्याआधी कसा होता, याचे आकडे पुन्हा कधीच मिळणार नव्हते.

एकदा मी तळातून काढलेली गाळाची नळी त्याच्या अंगणात उभी चिरली. कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी लांब काळी कांडी, तिच्यात फिकट-गडद पट्टे. दसरू गुडघ्यांवर बसून बघत राहिला. एका राखाडी पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे राख आहे. माह्या बापाच्या लहानपनी पलीकडचं जंगल जळलं होतं. आठ दिस जळत होतं म्हनत." त्यानं बायकोला हाक मारली. "सायत्रे, इकडं ये. बाबाचं जंगल पाह्य."

सायत्रा हात पुसत आली, वाकून बघून म्हणाली, "चिखल आहे तो." आणि परत आत गेली. दसरू किती वेळ हसत होता.

नऊ मेला मी एकटीच तलावावर होते. दसरू नातलगाच्या लग्नाला गेला होता, संध्याकाळपर्यंत यायचा होता. पाणी इतकं उतरलं होतं की डोंगा हाकण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर चढले. तिथं तुडूम आहे. शेतीला पाणी सोडण्यासाठी बांधाच्या पोटात बांधलेली चौकोनी विहीर, तिला तिकडे तुडूम म्हणतात. अठरा-वीस फूट खोल, उतरायला भिंतीत लोखंडी कड्या, तळाशी बूच मारलेला नळ. बरीच वर्षं ते बूच कुणी काढलं नव्हतं. तोंडावर लोखंडी पत्रा, त्यावर दगड.

मी दगड बाजूला केले, पत्रा हातभर सरकवला आणि हवेतले वायू मोजायच्या यंत्राची रबरी नळी आत सोडली. तळाशी गुडघाभर गाळ साचलेला दिसत होता, त्यावर पाण्याची पातळ साय.

पहिला आकडा मला खोटा वाटला. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. बाहेरच्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. त्या विहिरीच्या तळाशी सहा होता. कर्बवायू बाहेरच्या हवेच्या दोनशेपटीहून अधिक. मिथेनचा काटा पट्टीच्या टोकाला टेकला होता. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच. वहीत तारीख, वेळ आणि तिन्ही आकडे लिहिले आणि त्यांच्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुपारच्या गाडीनं मी तालुक्याच्या गावी गेले आणि एसटीडी बूथवरून माझ्या मार्गदर्शकांना, देवस्थळी सरांना फोन लावला. तिन्ही आकडे वाचून दाखवले.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचले.

"वैजयंती, तलावातून बाहेर जाणारा वायू सगळे पाण्याच्या पृष्ठभागावर मोजतात. या जुन्या विहिरींचा विचार कुणी केलेला नाही. एका आकड्यानं काही सिद्ध होत नाही. तासातासाला नोंद करणारं ते छोटं यंत्र आहे ना तुझ्याकडे? ते आत सोड. दहा दिवसांचे आकडे आण. आणि झाकण कुणाला उघडू देऊ नकोस. एकदा वारा लागला की संपलं."

"लोकांना काय सांगू, सर?"

"आत यंत्र आहे म्हणून सांग. पुष्कळ झालं."

सरांनी सांगितलं म्हणून मी तसं केलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण फोन ठेवून बूथबाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. परतीच्या गाडीत मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा जुळवून ठेवलं. उजेड होता तोवर पाळीवर जाऊन डबीएवढं ते यंत्र नायलॉनच्या दोरीनं तळापर्यंत सोडलं, दोरी वरच्या कडीला बांधली, पत्रा सरकवला, दगड ठेवले.

संध्याकाळी दसरूच्या घरी जेवायला बसले. सायत्रानं मरळ मासोळीचा रस्सा केला होता. दसरू लग्नातल्या बँडबाजाची नक्कल करून दाखवत होता. त्याचं झाल्यावर मी म्हटलं, "दसरूभाऊ, तुडुमाचं झाकण कुणाला काढू देऊ नका. आत माझं यंत्र सोडलंय. फार नाजूक आहे."

"कितीक दिवस?"

"एकोणीस तारखेपर्यंत."

"कोनी हात नाई लावनार. मी आहो ना."

सायत्रानं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

तेरा तारखेला मी भरलेल्या बाटल्या घेऊन नागपूरला प्रयोगशाळेत गेले. एक दिवस राहून पंधराला सकाळी परतले. फाट्यावर गाडीतून उतरले तर चहाच्या टपरीवाल्यानं चहा न विचारता सांगितलं, "बाई, दसरू गेला."

मला वाटलं, कुठंतरी बाहेरगावी गेला.

काय झालं ते मला बिसननं सांगितलं. बिसन म्हणजे सायत्राचा धाकटा भाऊ; बहिणीच्या नवऱ्याला, दसरूला, तो भाटवे म्हणायचा. त्याचा आवाज घोगरा झाला होता आणि बोलता बोलता तो खोकत होता.

कंत्राटदाराची माणसं ठरल्या दिवसाच्या सहा दिवस आधीच येऊन थडकली. यंत्रं दुसऱ्या कामावरून लवकर सुटली होती, ती बसवून ठेवायची नव्हती. मुकादम म्हणाला, आजच तुडुमाचं बूच काढा, पाणी जाऊ द्या. दसरू आडवा आला. मॅडम येऊ द्या, आत त्यांचं यंत्र आहे, म्हणाला. मुकादमानं ऐकलं नाही. त्याच्या माणसांनी पत्रा उचलून फेकला आणि दोरी ओढायला सुरुवात केली. दोरी खाली नळाच्या जुन्या सळईत अडकली होती. ती येईना. मुकादम म्हणाला, तोडा.

"भाटवे म्हने, तोडू नका. मॅडमचं नुसकान होईन. मी उतरून सोडवतो, मंग तुमी का करायचं ते करा." बिसननं खोकला आवरला. "उतरले. कड्या पकडून पकडून. खाली पोचले, वाकले. वाकले ते उठलेच नाई. मी वरून हाका मारल्या. मले वाटलं, चिखलात पाय फसला. मी उतरलो. अर्ध्यात गेलो आन डोक्यात कसं तरीच झालं, हातपाय गेले. कमरेले दोर होता मनून लोकायनं मले वढून काढलं. त्याहिले काढाले दोन घंटे लागले. गळ टाकून काढलं."

"पत्रा काढून किती वेळ झाला होता?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"पाच-दहा मिंटं. कायले, जी?"

"काही नाही," मी म्हणाले.

सायत्रा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या अंगावर कुणीतरी चादर टाकली होती, मे महिन्याच्या उन्हात. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी असत्या तं त्याहिनं तुमाले विचारलं असतं."

चार दिवसांनी गावात कळलं की पोलिसांच्या पंचनाम्यात दसरू 'दारूच्या नशेत विहिरीत उतरताना तोल जाऊन पडला' असं लिहिलं गेलंय. मुकादमानं आणि त्याच्या दोन माणसांनी तसा जबाब दिला होता. शवाची रासायनिक तपासणी यायला महिने लागणार होते. दसरूचा बाप मोहाच्या दारूपायी गेला होता, म्हणून दसरूनं जन्मात तिला तोंड लावलं नव्हतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पण गावानं सांगून कोण ऐकतो?

सायत्रा मी राहत होते त्या खोलीवर आली. घरात आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"मेले ते मेले. पण पिऊन मेले असं कागदावर नको. पोरगी आहे माही, तिचं लगन व्हायचं आहे. तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकतीन."

"मी सांगेन," मी म्हटलं.

मी पुन्हा बूथवर गेले. सर हळहळले, खरोखरच हळहळले. मग म्हणाले, "तज्ज्ञ म्हणून मत दे. अशा बंद विहिरींत विषारी वायू साचू शकतो, एवढं म्हण. त्यानं त्याच्यावरचा डाग जाईल. वही काढायची गरज नाही. तुझं अख्खं आयुष्य पुढे आहे."

मलाही ते पटलं. पटवून घ्यावं लागलं नाही.

सत्तावीस तारखेला नायब तहसीलदार चौकशीला आले. शाळेला सुट्टी होती, तिच्या ओसरीवर टेबल मांडलं. एका बाजूला कंत्राटदाराचा मुकादम, एका बाजूला गाव. सायत्रा खाली सतरंजीवर, शेजारी बिसन. टेबलाच्या कडेला कारकून प्रत्येकाचं बोलणं लिहून घेत होता.

मुकादमानं आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. वास येत होता, पाय लडखडत होते, आम्ही नको नको म्हणत होतो.

बिसननं आपला अनुभव सांगितला. मुकादम म्हणाला, "हा तर त्याचा मेव्हणा आहे साहेब. दोघंही घेऊनच होते."

मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि ठरवलेलं बोलले. तळाशी साचलेला पालापाचोळा सडतो, त्याचा वायू होतो, बंद जागेत तो कोंडून राहतो, प्राणवायू कमी होतो, माणूस एका श्वासात बेशुद्ध होऊ शकतो.

नायब तहसीलदार वयस्कर गृहस्थ होते, शांत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, होऊ शकतो हे मान्य. पण त्या दिवशी, त्या विहिरीत तो होताच, हे कशावरून? आता तर ती जवळजवळ दोन आठवडे उघडी आहे. आम्ही परवा दिवा सोडून पाहिला, विझला नाही."

"शक्यता खूप आहे," मी म्हणाले.

"शक्यता दारूचीही आहे. तीन साक्षीदार आहेत."

मुकादमानं मान हलवली. नायब तहसीलदारांनी माझ्याकडे आणखी क्षणभर पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, "घ्या, मॅडमचं मत नोंदवा. खात्रीलायक पुरावा नाही असं लिहा." कारकून लिहू लागला.

मी खाली बसायला हवं होतं. सायत्रा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत रागही नव्हता. गाडी चुकल्यावर माणूस रस्त्याकडे बघतं, तशी ती बघत होती.

माझ्या पिशवीत वही होती. ती मी का आणली होती, हे मला आजही सांगता येत नाही.

"पुरावा आहे," मी म्हणाले आणि वही टेबलावर ठेवली. दोन रेघांचं पान उघडून दिलं.

नायब तहसीलदारांनी ते वाचलं. मग कारकुनाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं. "चिचटोला तलाव, तुडूम, तळ. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. प्राणवायू शेकडा सहा." ते थांबले. "सहा म्हणजे किती, मॅडम?"

"सहावर माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहत नाही."

मुकादम उठून उभा राहिला होता, तो खाली बसला. नायब तहसीलदारांनी पानाच्या डोक्याशी बोट नेलं आणि तारीख वाचली. "नऊ मे."

ती दारूची ओळ त्याच दिवशी चौकशीच्या कागदातून खोडली गेली आणि पुढे पोलिसांनाही ती खोडावी लागली. मुकादमावर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला. माझ्यावर कसलाच झाला नाही. तसं कलम नसावं, किंवा कुणी शोधलं नाही. ते संशोधन मी त्याच पावसाळ्यात सोडलं. यंत्रात साठलेले पाच दिवसांचे आकडे सरांनी दोन वेळा मागितले, मी दिले नाहीत. आता मी नाशिकला एका शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं नंतरचं.

त्या ओसरीवर मात्र तारीख वाचून झाल्यावर सायत्रा उठली. पदर सारखा केला. दोन पावलं टेबलाजवळ आली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"नऊ तारखेले ते लग्नाहून आले होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "त्या दिशी तुमी आमच्या घरी जेवल्या. मरळ होती. ते तुमच्या समोर बसले होते."

"हो."

"तवा तुमाले हे मालूम होतं."

"हो."

"मंग यंत्र आहे मनून कायले सांगतलं? आंदर मरन आहे मनून कायले नाई सांगतलं?"

बिसन तिचा हात धरायला पुढे झाला. तिनं हात सोडवून घेतला.

मी म्हणू शकले असते की माझ्या लक्षात आलं नाही. म्हणू शकले असते की सरांनी सांगितलं होतं. दोन्ही वाक्यं तोंडापर्यंत आली होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी झाकण उघडून ठेवलं असतं," मी म्हणाले. "हवा निघून गेली असती. मला दहा दिवसांचे आकडे हवे होते."

कारकुनाचं पेन हवेतच थांबलं. त्यानं साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे लिहायचं का, मॅडम?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर सायत्रानं दिलं.

"लिवा," ती म्हणाली. "जसं सांगतलं तसंच लिवा."